दुसरा याकोब

शुक्रवारी सकाळी मस्कतला, अल मवालेहच्या भाजीबाजारात मी भेंडी निवडत होतो. टोक मोडून बघायची माझी जुनी सवय. तेवढ्यात भाजीवाल्या कासमने माझ्या हातावर ओमानी हलव्याची एक छोटी डबी ठेवली. "घ्या रमणभाऊ, तोंड गोड करा. खुदेजाला मुलगी झाली." खुदेजा म्हणजे त्याची लेक, रत्नागिरीला असते. मी अभिनंदन केलं आणि विचारायचं म्हणून विचारलं, "नाव काय ठेवलं?" तो म्हणाला, "तस्नीम." मी निवडता निवडता थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी हाच कासम चार दिवस गाळ्यावर आला नव्हता आणि पाचव्या दिवशी आला तेव्हा त्याने कांदे मोजता मोजता सांगितलं होतं की नात गेली, दोन महिन्यांची होती, तस्नीम. "अरे, पण तस्नीम तर..." मी म्हणालो. "ती गेली. ही दुसरी," कासम सहज म्हणाला. "तेच नाव? परत?" "मग? आमच्या घरात तसाच हाय. माज्या आदी एक कासम व्हता. दीड वर्साचा होऊन गेला. मंग मी झालो तर बापान माजा पन नाव कासमच ठेवलान. आवडीचा नाव, ता कशाला टाकायचा? पोर खलास झाला भाऊ, नाव काय खलास नाय झाला." आणि त्याने माझी भेंडी काट्यावर टाकली. माझ्या बोटांत एक मोडलेलं टोक तसंच राहिलं होतं. याकोब, मी मनात म्हणालो. अरे देवा, याकोब.

घरी अल् खुवैरला यायला वीसेक मिनिटं लागतात, त्या दिवशी किती लागली कोण जाणे. हायवेवर एका बाजूला डोंगर, उघडेबोडके, तेहेतीस वर्षं बघतोय मी ते. मी पुण्यात असताना नोकरी मिळेल म्हणून जर्मन शिकलो, आणि मिळालीही. इथल्या एका कंपनीत जर्मन पंपांची माहितीपुस्तकं वाचून इंजिनिअरांना समजावून सांगणं, यात माझं आयुष्य गेलं. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडून पडलो तेव्हा डोकं ताळ्यावर राहावं म्हणून जर्मनांचं जुनं हस्ताक्षर वाचायला स्वतःचं स्वतः शिकलो. वाकडंतिकडं, एकमेकांत घुसलेलं अक्षर ते. आजचे जर्मनही ते वाचताना गडबडतात आणि मी वाचतो, याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे लोक आपापल्या पूर्वजांचे जुने कागद टाकतात आणि माझ्यासारखे रिकामटेकडे ते वाचून देतात. फुकट. मंगला, माझी बायको, म्हणते, "जगाचे पणजोबा शोधता, स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगा पाहू." मला ते येत नाही. आमच्या घरचे कागद मोडीत आहेत, चिपळूणला चुलतभावाच्या माळ्यावर एका ट्रंकेत आहेत आणि मोडीचं एक अक्षर मला लागत नाही.

तिथेच मला लुईस हार्टर भेटल्या. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या, तेव्हा वय पंच्याऐंशी, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, हार्टर आडनावाच्या शेवटच्या. त्यांचा मूळपुरुष याकोब १७४९ साली जहाजाने फिलाडेल्फियाला उतरला. उतरणाऱ्यांच्या यादीत त्याचं नुसतं नाव आहे, त्यानेच थरथरत्या हाताने काढलेलं. वय नाही, गाव नाही. थडग्यावरचा दगड झिजून गेलेला. पण लुईसबाईंच्या वडिलांनी त्यांना लहानपणी एक गाव सांगून ठेवलं होतं, ऱ्हाईन नदीच्या काठचं, क्लाइनमेर्टेन. कागदाचा आधार कसलाही नाही, फक्त वडिलांचा शब्द. बाईंना एवढंच हवं होतं, वडील म्हणाले ते खरं की नाही. "मला त्या गावी जायचं नाही," त्यांनी लिहिलं होतं, "आता मी अंगणातल्या टपालपेटीपर्यंत जाते तेच पुष्कळ. पण मरायच्या आधी कळलं तर बरं वाटेल." मी त्या गावच्या चर्चच्या वहीतली जन्मनोंदींची पानं मिळवली. पाचव्या संध्याकाळी सापडला. १७२४, विणकर हान्स हेर्टर (अमेरिकेत याचंच हार्टर झालं) आणि त्याची बायको आना मार्गारेटा यांचा मुलगा, याकोब. मी खुर्चीतून उठून मंगलाला हलवलं होतं, म्हटलं सापडला. बाईंनाही तसंच लिहिलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, नुसती उद्गारचिन्हं.

आणि आठ दिवसांनी, खात्री असावी म्हणून, मी दफनाची पानं चाळली. १७२७चा हिवाळा सुरू होताना विणकर हान्सचा मुलगा याकोब गेला. वय वर्षं तीन, महिने काही. म्हणजे हा याकोब जहाजात बसलाच नव्हता. मी बाईंना स्वच्छ लिहून टाकलं, तुमचा याकोब हा नव्हे, तो या गावचा नव्हे, इथे ही रेषा संपते. 'इथे ही रेषा संपते' हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. बाईंचं उत्तर या खेपेला तीन दिवसांनी आलं. "म्हणजे माझे वडील चुकले. ते बऱ्याच गोष्टींत चुकत, पण ही एक तरी बरोबर असेल असं मला वाटलं होतं. बिचारं ते बाळ. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार." प्रामाणिकपणा! मी ती मेल मंगलाला वाचून दाखवली होती. त्याला आता तीन वर्षं झाली. आणि जन्मांची पुढची पानं उलटून बघावीत हे मला सुचलंही नाही. का सुचावं? माझ्या वडिलांचं नाव धोंडो. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून चौथ्याचं नाव धोंडो, दगडाला कोण कशाला उचलून नेईल. आमच्याकडे हेच करतात. त्या तिघांची नावं काय होती हे वडिलांनाही माहीत नव्हतं. गेलेल्या पोराचं नाव घरात कोणी घेत नाही, पुढच्याला देणं तर सोडाच. माझ्या डोक्यात ही गोष्ट इतकी खोल बसलेली की ती बसलेली आहे हेही मला माहीत नव्हतं. कागद जर्मन होते, अक्षर जर्मन होतं, आणि वाचणारा चिपळूणचा होता.

घरी आल्यावर मंगलाने पिशव्या घेतल्या. "आलं आणलंत?" विसरलो होतो. "आणि हे काय, हलवा कुणी दिला?" मी म्हटलं, कासमला नात झाली, आणि सरळ कॉम्प्युटर लावला. फार शोधावंही लागलं नाही, हेच तर जिव्हारी लागलं. जन्मनोंदींत जिथे थांबलो होतो तिथून फक्त काही पानं पुढे. १७२८, फेब्रुवारी. विणकर हान्स हेर्टर, बायको आना मार्गारेटा, मुलगा. याकोब. म्हणजे पहिला मातीत गेला तेव्हा हा पोटात होता. तेच आईबाप, तेच नाव, त्याच पाद्र्याचं तेच तिरकं अक्षर. आणि समासात, वेगळ्या शाईने, नंतर कुणीतरी लिहिलेलं, 'अमेरिकेला गेला'. एवढी उघड गोष्ट. बाईंचे वडील बरोबर होते. दोनशे वर्षं बापाने मुलाला, मुलाने त्याच्या मुलाला सांगत आलेला एक शब्द बरोबर होता आणि मी तो मस्कतमध्ये बसून, एसी लावून, खोटा ठरवला होता. मी लगेच मेल लिहिली. माफी मागितली, पानाचा फोटो जोडला, समासातल्या शब्दांभोवती लाल गोल काढला. तिकडे पहाट असेल, बाई उठल्या की वाचतील. शनिवार गेला, रविवार गेला. बुधवारपर्यंत काही नाही.

त्या पाच दिवसांत मी ऑफिसात जात होतो, येत होतो, आणि दर वेळी फोन वाजला की दचकत होतो. एका मीटिंगमध्ये जर्मनीहून आलेला माणूस काहीतरी गास्केटबद्दल बोलत होता आणि मी आना मार्गारेटाचा विचार करत होतो. तिने दुसऱ्याला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तिचा आवाज कसा निघाला असेल? घशात अडकला असेल का? की सोपं गेलं असेल, जिभेला सवय होती म्हणून? मला हे कळायला हवं होतं, कारण... कारण सांगतोच आता. आम्हाला पूर्वाच्या आधी एक मुलगा झाला होता. १९९४ साली, इथेच. तेव्हा आम्ही रुवीत राहत होतो, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, खाली शिंप्याचं दुकान. नाव मंगलाने आधीच ठरवलं होतं. सातव्या महिन्यात एका कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून तिने ते मला दाखवलं होतं, बोलली नव्हती. पुण्याहून तिच्या आईने फोनवर बजावलं होतं, बारशाच्या आधी नाव तोंडातून काढायचं नाही, बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगायचं तेव्हाच. आत्या इथे कुठून असणार? शेजारच्या एका बाई आत्या होणार होत्या. पाळणा मागून आणला होता. रुवीतल्या मिठाईवाल्याला पेढ्यांची ऑर्डर दिली होती. अकराव्या दिवशी सकाळी बाळ निळं पडलं. हृदयात काहीतरी होतं, जन्मापासूनच, असं नंतर कळलं. हॉस्पिटलच्या कागदावर नावाच्या जागी 'मंगलाचं बाळ' एवढंच होतं. ऑफिसातले दोघे आणि मी, आम्ही त्याला पुरून आलो. मंगला आली नाही, तिला येऊ दिलं नाही. पेढे मिठाईवाल्याकडेच राहिले, तो भला माणूस काही बोलला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पूर्वा झाली. मुलगी झाली हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, कारण मुलगा झाला असता तर ते नाव मध्ये आलंच असतं, ठेवायचं नाही म्हणून तरी. पूर्वाला यातलं काही माहीत नाही. ती आता टोरांटोत असते, मराठी अडखळत बोलते. तिला सांगायचं म्हटलं तरी कुठल्या भाषेत सांगणार? आणि काय नाव सांगणार? ते नाव माझ्या तोंडून कधीच निघालेलं नाही. ऑफिसात त्या नावाचा एक मुलगा होता, त्याला मी चार वर्षं आडनावाने हाक मारली. ते नाव सागर आहे. लिहिताना काही होत नाही, बघा. पुढच्या मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो, साठी झाली की इथलं दाणापाणी संपलं. पुण्याला फ्लॅट आहे, सगळं आहे. मंगला कपाटं आवरायला लागली आहे. पण गेल्या रविवारी मी सहज म्हटलं की जाण्याआधी एकदा तिकडे जाऊन येऊ, तर ती म्हणाली, "कुठे?" आणि मी विषय बदलला. तिथे दगड नाही, खूण नाही. मलाही आता जागा सापडणार नाही.

गुरुवारी लुईसबाईंच्या भाचीची, कॅरलची, मेल आली. मावशी आता वृद्धाश्रमात असते, विसरते, पण तुमचं नाव काढलं की ओळखते. तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत तर कदाचित. कदाचित हा शब्द मी दोनदा वाचला. संध्याकाळी सहा वाजता फोन लावला, त्यांच्याकडचे सकाळचे दहा. मंगला स्वयंपाकघरात होती, दार उघडंच होतं. कॅरलने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे भांड्यांचा आवाज, टीव्हीचा आवाज, आणि मग एक बारीक, स्वच्छ आवाज. "मस्कतचे गृहस्थ! ते छोट्या याकोबचे." मी म्हटलं, हो, तोच मी. "मी त्याचं नाव रोज घेते," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत ना, तीन वर्षांचा होऊन गेला. तेव्हा माझ्या मनात आलं, तीनशे वर्षांत त्याचं नाव कुणी घेतलं असेल? आईबाप गेल्यावर कोण घेणार? मग मी घ्यायला लागले. प्रार्थनेच्या वेळी. आधी माझा नवरा, मग याकोब." मी पाठ केलेलं सगळं विसरलो. मग जसं आलं तसं बोलत सुटलो, की बाई, मी चुकलो, तुमचे वडील बरोबर होते, गाव क्लाइनमेर्टेनच, त्या बाळानंतर त्याच आईला आणखी एक मुलगा झाला, त्याचंही नाव याकोब, तोच जहाजाने आला, तोच तुमचा. मग बाई म्हणाल्या, अगदी समजुतीने, मास्तरीणबाईंसारख्या, "एकाच आईने दोन मुलांना एकच नाव? असं कोण करेल?"

हे माझंच वाक्य होतं. मी ते कधी उच्चारलं नव्हतं, त्यांना लिहिलंही नव्हतं, तरी ते माझंच होतं. मी म्हटलं, "करत असत. तेव्हा करत. अजूनही करतात. माझ्या ओळखीचा एक कासम आहे..." बाई हसल्या. "नाही हो. तुमचं पत्र माझ्याकडे आहे. उशीखाली असतं. तुम्ही लिहिलंय, इथे ही रेषा संपते." मग त्या ते पत्र शोधायला लागल्या असाव्यात, चादरीची खसफस ऐकू आली. "हे पाहा. प्रामाणिक माणसाचं पत्र आहे हे." मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, मला त्याची लाज वाटते, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईवर मी ओरडलो की तुमचे वडील बरोबर होते, मॅडम, बरोबर होते ते! बाई घाबरल्या. "माझे वडील? ते आलेत का?" त्यांनी कॅरलला विचारलं. कॅरलने स्पीकर बंद केला. ती थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमची नवी मेल मी छापून दिली होती तिला. ती म्हणाली, हे दुसऱ्या कुणाचं आहे, आणि परत दिली." मी विचारलं, "ते जुनं पत्र काढून घेता येणार नाही?" कॅरल म्हणाली, "ते काढून घेतलं तर ती रडते." तिने माझे आभार मानले आणि फोन ठेवला. मी फोन हातात धरून बसून राहिलो. जे हवं होतं ते माझ्याजवळ होतं, पुराव्यासकट, लाल गोलासकट, आणि ज्यांना ते हवं होतं त्यांच्यापर्यंत ते पोचवायचा रस्ता मीच बुजवून ठेवला होता, तोही सुंदर जर्मन वळणाच्या इंग्रजीत.

मंगला दारात येऊन उभी होती. हाताला कणीक. "ओरडलात का एवढे?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं, कासमच्या नातीपासून. ती आधी उभी होती, मग समोरच्या स्टुलावर बसली, कणकेचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. मधेच म्हणाली, "बिचाऱ्या बाई." मला वाटलं आता ती उठेल, तवा तापत असेल. ती उठली नाही. खिडकीबाहेर उजेड कमी होत होता, समोरच्या मशिदीतून अजान सुरू झाली होती. ती म्हणाली, "दोघांचंही याकोबच?"

"दोघांचंही."

"पहिला तीन वर्षांचा होता ना गेला तेव्हा?"

"तीन वर्षं, वर काही महिने."

तिने हातांवरची कणीक खरवडून काढायला सुरुवात केली, एकेक बोट. बराच वेळ तेच करत राहिली. मला ते नाव तोंडाशी आलेलं जाणवत होतं, जिभेच्या मागे, घशाच्या वर, अगदी तिथे. एकोणतीस वर्षं. आता म्हण, आता म्हण. माझं तोंड उघडलंही असेल. मी म्हणालो, "तवा."

"बंद केलाय," मंगला म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता, बोटांकडे बघत, "बरं आहे हो त्या याकोबच्या आईचं. तिला तीन वर्षं हाक तरी मारता आली."